किती खेपा, किती वाजता, कुठल्या रस्त्याने?

नाताळच्या सुट्टीत मी घरी, म्हणजे सुरतला गेले होते. आम्ही मूळचे वसईचे, पण पप्पांची नोकरी सुरतेत. माझं सगळं लहानपण तिथेच गेलं. पप्पा रोज स्कूटरने कारखान्यात जातात. या वेळी मात्र ते घरीच होते, उजव्या मनगटाला प्लास्टर बांधून. शहराबाहेरच्या एका रस्त्यावर काहीतरी पातळ सांडलेलं होतं. कुठल्या गाडीतून सांडलं कुणास ठाऊक. स्कूटर घसरली, पप्पा पडले. मागून येणाऱ्या डंपरवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून मनगटावर निभावलं. मम्मी त्यानंतरच्या रविवारच्या मिस्सेला त्या अनोळखी ड्रायव्हरसाठी प्रार्थना करून आली.

एका संध्याकाळी शेजारचे काका-काकू पप्पांना बघायला आले. काका नंदुरबारचे, बरीच वर्षं कचऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. चहा पिता पिता विषय निघाला खजोदचा. तिथे कचरा जाळून वीज तयार करण्याचा मोठा प्रकल्प उभारायचा, ही चर्चा सुरतेत गेली कित्येक वर्षं अधूनमधून चालू असते. काकूंना धुराची काळजी होती. मम्मी म्हणाली, ढिगारा साठत राहण्यापेक्षा वीज झालेली काय वाईट? पप्पा बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण कचरा तिथपर्यंत जाणार कसा? रोज किती गाड्या? आणि त्या कुठून जाणार?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. मीही गप्प बसले. मी साहित्याची विद्यार्थिनी, मला ट्रॅफिकमधलं काय कळणार, असं आधी वाटलं. पण मुंबईला परत आल्यावर थोडं वाचलं, थोडी आकडेमोड केली, आणि लक्षात आलं की या प्रश्नाला लागणारं गणित सातवीच्या पुढचं नाही. ते गणित मांडण्यासाठी हा लेख.

आधी जागा समजून घेऊ

सुरत म्हटलं की आपल्या पिढीलाही १९९४ ची प्लेगची साथ ऐकून माहीत असते. शहर सोडून लाखो माणसं निघून गेली होती. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि सुरतेने कचरा उचलण्याची शिस्त अंगी बाणवली. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीने देशात पहिली आली. म्हणजे हे कचऱ्याकडे दुर्लक्ष करणारं शहर नाही. पण शहर जितकं नीट झाडलं जातं, तितका जास्त कचरा गोळा होतो आणि तो कुठेतरी न्यावाच लागतो. सुरतेत रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो.

तो वर्षानुवर्षं शहराच्या नैर्ऋत्येला खजोदला जात आला. मी लहान असताना खजोद म्हणजे गावाबाहेर, वास येणारी बाजू. आता त्याच खजोदला ड्रीम सिटी उभी राहतेय. सुरत डायमंड बोर्सची अवाढव्य इमारत तिथेच आहे. १७ डिसेंबर २०२३ ला तिचं उद्घाटन झालं. मेट्रोचा सरथाणाहून निघणारा मार्ग ड्रीम सिटीलाच संपणार आहे. जवळच सचिन-मगदल्ला रस्ता, ज्यावरून हजिऱ्याकडे जाणारी अवजड वाहतूक चालते. हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ पुढे धुळे, जळगाव, अकोला, अमरावती करत नागपूरला जातो. उधना, लिंबायत, डिंडोलीत स्थायिक झालेली खानदेशातली हजारो कुटुंबं याच दिशेने सुरतेत आली.

थोडक्यात, जिथे पूर्वी फक्त कचऱ्याचे ट्रक जायचे, तिथे आता ऑफिसला जाणारी माणसंही जातात, आणि त्यातली पुष्कळशी दुचाकीवर. रस्त्याचा प्रश्न या बदलातून येतो.

एक हजार टन म्हणजे किती ट्रक?

अहमदाबादच्या पिराणा इथे २०२४ मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोज एक हजार टन कचऱ्याचा आहे. आपल्या देवनारला रोज ६०० टनांच्या प्रकल्पाचं कंत्राट २०२० मध्ये दिलं गेलं. हिशोब सोपा जावा म्हणून आपण एक हजार टनच धरू. यापुढचे 'समजा' म्हणून आलेले आकडे माझे आहेत, कुठल्या अहवालातले नाहीत. तुम्ही तुमच्या गावचे आकडे घालून तेच गणित करू शकता.

घरोघरी फिरणाऱ्या घंटागाडीत समजा एक टन कचरा मावतो. सगळ्या घंटागाड्या थेट प्रकल्पावर गेल्या, तर रोज एक हजार गाड्या जाणार आणि एक हजार परत येणार. असं होऊ नये म्हणून मधे ट्रान्सफर स्टेशन असतं. सुरतेत अशी स्टेशनं कतारगाम, वराछा, भटार अशा वेगवेगळ्या भागांत आहेत. छोट्या गाड्या तिथे रिकाम्या होतात, कचरा दाबून मोठ्या कंटेनरमध्ये भरला जातो आणि मोठी गाडी तो पुढे नेते. एका मोठ्या गाडीत समजा दहा टन कचरा. म्हणजे एक हजार टनांसाठी शंभर खेपा.

इथे पहिली चूक होते. 'शंभर ट्रक' ऐकलं की आपण शंभरच मोजतो. पण गेलेली गाडी परतही येते, त्यामुळे रस्त्याच्या कडेला उभं राहून मोजणाऱ्याला ती दोनदा दिसते. शंभर खेपा म्हणजे रस्त्यावर दोनशे फेऱ्या. शेजारच्या काकांनी याला एक पुस्ती जोडली. ते म्हणाले, "बेटा, भरलेली गाडी हळू जाते. भीती रिकाम्या गाडीची. ड्रायव्हरला पुढची खेप गाठायची असते ना."

दुसरी चूक राखेची. कचरा जळला म्हणजे नाहीसा झाला असं आपल्याला वाटतं, पण वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा राख उरते. आपल्याकडच्या कचऱ्यात माती आणि बांधकामाची धूळ मिसळलेली असते, त्यामुळे ती जास्तही निघू शकते. पाचवा हिस्सा धरला तरी रोज दोनशे टन राख. तिच्या वीस खेपा, म्हणजे आणखी चाळीस फेऱ्या. धुराड्यात अडकणारी बारीक राख तर विषारी धातूंमुळे वेगळ्या, सुरक्षित जागीच टाकावी लागते. ती जागा प्रकल्पाच्या आवारात आहे की शहराच्या दुसऱ्या टोकाला, यावर या फेऱ्या कुठल्या रस्त्याने जाणार ते ठरतं.

म्हणजे एकूण दोनशे चाळीस फेऱ्या. यातल्या सगळ्या नव्या नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कचरा आजही कुठेतरी जातोच आहे. आज तो चार ठिकाणी जात असेल आणि उद्या एकाच फाटकातून आत जाणार असेल, तर शहरातल्या एकूण फेऱ्या तेवढ्याच राहूनही त्या एका फाटकासमोरच्या रस्त्यावर त्या एकदम वाढतील. म्हणून 'शहरात वाहतूक वाढणार नाही' हे वाक्य खरं असू शकतं आणि त्याच वेळी 'आमच्या रस्त्यावर वाढणार' हेसुद्धा खरं असू शकतं.

गाड्या मोजण्याचं माप

वाहतुकीचे अभ्यासक ट्रक, रिक्षा, स्कूटर अशी वेगवेगळी बेरीज करत नाहीत. सगळ्याचं एका मापात रूपांतर करतात. त्या मापाचं नाव पॅसेंजर कार युनिट, थोडक्यात पीसीयू. एक कार म्हणजे एक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत ट्रक २.२ धरला आहे. पण रस्त्यावरच्या एकूण गाड्यांत ट्रकचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं, तर तोच ट्रक ३.७ धरायचा. दुचाकी ०.५, आणि प्रमाण जास्त असेल तर ०.७५.

आता आपल्या फेऱ्या या मापात घालू. समजा शंभरपैकी चाळीस खेपा सकाळी आठ ते अकरा या तीन तासांत होतात, कारण कचरा सकाळीच गोळा होतो. चाळीस खेपांच्या ऐंशी फेऱ्या, म्हणजे तासाला सुमारे सत्तावीस. गुणिले ३.७, म्हणजे साधारण शंभर पीसीयू. त्याच मार्गदर्शिकेनुसार शहरातल्या मुख्य, दुतर्फा दोनपदरी रस्त्याची क्षमता तासाला १५०० पीसीयू आहे. शंभर म्हणजे तिच्या सात टक्क्यांहूनही कमी.

इथे मी चकित झाले. मला वाटलं होतं आकडा भयंकर येईल. पण अशा अहवालांत 'वाहतुकीवरील परिणाम नगण्य' अशा थाटाचं जे वाक्य असतं, ते नेहमी खोटंच असतं असं नाही. या मापाने परिणाम खरंच लहान निघू शकतो.

फक्त दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, रस्ता आधी किती भरलेला आहे? विरार लोकलचं उदाहरण घ्या. दुपारी दोन वाजता डब्यात दहा जण चढले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी सात वाजता अंधेरीला तेच दहा जण चढले, तर दारातल्या माणसाचा पाय निसटतो. रस्त्यावर आधीच तासाला १४०० पीसीयू असतील, तर हे शंभर त्याला काठोकाठ भरतात. म्हणून मोजणी कुठल्या दिवशी, कुठल्या तासांत केली, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. आणि सुरतेच्या बाबतीत आणखी एक. मेट्रो सुरू झाल्यावर आणि डायमंड बोर्समधली सगळी ऑफिसं भरल्यावर त्या रस्त्यावर किती माणसं असतील? आजच्या मोजणीवर उद्याचा रस्ता ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट, या मापात काय मावत नाही?

मापात न मावणारं

पीसीयू हे जागेचं माप आहे. ट्रक रस्त्याची किती जागा अडवतो ते ते सांगतं. तो रस्त्याचं काय करतो आणि शेजारच्या स्कूटरचं काय करू शकतो, हे सांगत नाही.

आधी रस्त्याचं बघू. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला नियम आजही रस्ते बांधताना वापरतात: चाकांच्या एका आसावर येणारं वजन दुप्पट झालं, तर रस्त्याची झीज दुप्पट न होता सुमारे सोळापट होते. वजनाचा चौथा घात. लहान कारच्या एका आसावर साधारण अर्धा टन येतो, भरलेल्या ट्रकच्या मागच्या आसावर दहा टन. वजन वीसपट, आणि झीज वीसचा चौथा घात, म्हणजे एक लाख साठ हजार पट. कार जाऊन रस्ता खराब होत नाही म्हणतात ते यामुळेच. २०१८ मध्ये आपल्याकडे एका आसावरच्या वजनाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन वाढलं जेमतेम तेरा टक्के, पण त्याच नियमाने झीज वाढते साठ टक्क्यांच्या आसपास. कचरा पावसात भिजला की त्याचं वजनही वाढतं, म्हणजे रस्ता सगळ्यात कमकुवत असतो तेव्हाच गाडी सगळ्यात जड असते. त्यामुळे फाटकाबाहेरच्या रस्त्याची डागडुजी कुणी करायची, दर किती वर्षांनी आणि कुणाच्या पैशातून, हे प्रकल्पाच्या कागदांत लिहिलेलं असायला हवं.

दुसरं, वळण. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत जातात. ट्रकच्या डावीकडे घुसलेली स्कूटर त्याच जागेत सापडते, आणि ड्रायव्हरला नेमकी ती बाजू नीट दिसत नाही. पीसीयूच्या हिशोबात त्या स्कूटरवाल्याची किंमत पाऊण कार असते. म्हणून चौकाचा नकाशा मागायचा. गाडी कुठे वळणार, तिथे दुचाकींना वेगळी जागा आहे का, शाळा किंवा चर्च-देऊळ सुटण्याची वेळ आणि खेपांची वेळ एकच आहे का.

तिसरं, सांडणं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा झाकलेल्या गाडीतूनच न्यायचं बंधन घातलं होतं. पण ताडपत्री वरून झाकते, खालून गळणारं काळं पाणी अडवत नाही. ओला कचरा दाबला की ते पाणी निघतंच. त्यासाठी गाडीखाली टाकी लागते आणि ती वेळच्या वेळी रिकामी करावी लागते. काका म्हणाले, "टाकी भरली की ड्रायव्हर काय करतो ते मला नको विचारू."

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण ती कुणाच्या डोक्यातच येत नाही. वजनकाटा. प्रकल्पात येणारी प्रत्येक गाडी आत जाताना आणि बाहेर पडताना तोलली जाते. समजा एकच काटा आहे आणि एका तोलाला तीन मिनिटं लागतात. म्हणजे तासाला वीस तोल, तीन तासांत साठ. पण सकाळच्या चाळीस गाड्यांना ऐंशी तोल लागतात. साठ तोलांत तीस गाड्या पार पडतील आणि दहा रांगेत उरतील. एका गाडीला बारा मीटर जागा धरली, तर एकशेवीस मीटरची रांग. फाटकाच्या आत जागा नसेल, तर ही रांग सार्वजनिक रस्त्यावर उभी राहणार आणि दोनपदरी रस्त्याचा एक पदर खाणार. मग १५०० च्या क्षमतेचा तो हिशोबच उरत नाही. रस्ता भरला तो फेऱ्यांनी नाही, एका काट्याने. आणि उपाय किती साधा: दोन काटे लावा आणि रांग आत घ्या. पण तो नकाशा कागदावर असतानाच करायचा उपाय आहे. भिंत बांधून झाल्यावर तो फार महाग पडतो.

आपल्या डब्यातून निघणाऱ्या खेपा

इथपर्यंत लिहून मी पप्पांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे चूक ट्रकवाल्यांची." मी म्हटलं, थांबा, अजून आपलं स्वतःचं यायचंय.

आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा ओला असतो. तो जळत नाही, आधी वाळवावा लागतो. भारतात याचा धडा फार पूर्वी मिळालाय. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला डॅनिश तंत्रज्ञानाने रोज तीनशे टनांचा प्रकल्प सुरू झाला आणि काही आठवड्यांतच बंद पडला. यंत्र युरोपातल्या कोरड्या कचऱ्याच्या हिशोबाने बनलेलं होतं, आणि आपला कचरा ओला आणि धुळीने भरलेला. २०१६ च्या नियमांनीही, किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणाऱ्या आणि पुन्हा वापरता न येणाऱ्या कचऱ्यापासूनच ऊर्जा करावी, अशी रेषा आखून दिली होती. केळीच्या साली आणि उरलेला भात त्या रेषेच्या खूप खाली.

म्हणजे आपण ओला-सुका एकत्र बांधून दिला, की आपण ट्रकमध्ये पाणी भरून वीस किलोमीटर पाठवतो. आपल्या हजार टनांतला निम्मा ओला कचरा वॉर्डातच खत किंवा बायोगॅससाठी वापरला, तर पन्नास खेपा, म्हणजे शंभर फेऱ्या रस्त्यावरून कमी होतात. एकही उड्डाणपूल न बांधता. उरलेला सुका कचरा हलका आणि काळं पाणी कमी, त्यामुळे रस्त्याची झीज आणि निसरडेपणाही कमी.

यात एक अडचण आहे, ती लपवायला नको. मोठं यंत्र लावलं की त्याला रोज ठरलेला कचरा लागतो, आणि करारात बऱ्याचदा शहराने रोज किमान इतके टन द्यावेत अशी अट असते. उद्या लोकांनी खरंच कचरा कमी केला, तर ते यंत्र भरायला आसपासच्या गावांतून कचरा आणणार का? मग फेऱ्या कमी होण्याऐवजी लांब होतील. कराराचा कालावधी आणि ती किमान अट, हे दोन आकडे रस्त्याच्या भविष्याबद्दल बरंच काही सांगतात.

रस्त्याशिवाय दुसरी वाट

कचरा रस्त्यानेच न्यायला हवा असंही नाही. मुंबईकरांच्या पणजोबांना हे माहीत होतं. कुर्ला ते चेंबूर ही रेल्वे १९०६ मध्ये टाकली गेली ती शहरातला कचरा वाहण्यासाठी. प्रवासी तिच्यात बसले ते १९२४ पासून. आज हार्बर लाइनने गोवंडी-मानखुर्दला जाणारे आपले मित्र त्याच वाटेवरून जातात. सुरतेत अशी कचरागाडी सुरू करा, असं मी म्हणत नाहीये. पण प्रकल्पाची जागा ठरवताना कचऱ्याची वाट आधी ठरवली जायची, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आज करता येण्यासारखे उपायही आहेत. खेपा रात्री न्यायच्या. मात्र रात्री रस्ता मोकळा असला तरी लोक झोपलेले असतात आणि ड्रायव्हर थकलेला असतो, तेव्हा वेगमर्यादा आणि पाळीचे तास ठरवावे लागतात. गाड्यांना ठरलेलाच मार्ग द्यायचा आणि त्या तो सोडतात का हे जीपीएसवर बघायचं. मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंत प्रकल्पाचा स्वतःचा जोडरस्ता करायचा. यातलं काहीच अवघड नाही. पण कुणी विचारलं नाही, तर आपणहून फारसं कुणी करत नाही.

विचारायचं कुठे?

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी सार्वजनिक सुनावणी होते. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, आणि अहवालाचा सारांश इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. सुरतेत ती भाषा अर्थातच गुजराती. उधन्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या शेजारणीला तो सारांश कुणीतरी समजावून सांगावा लागेल. मला वाटतं, आपल्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांचं काम इथे सुरू होतं. 'परिणाम नगण्य' या दोन शब्दांपुढे थांबून, कुणासाठी, कुठल्या वेळी आणि कशाच्या तुलनेत, हे विचारणं म्हणजे वाचनच. वर्गात कवितेला आपण हेच प्रश्न विचारतो.

आणि हे काम साहित्यिकांचं नाही असं कुणी म्हटलं, तर वसईच्या लेकीने फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव घ्यायलाच हवं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच्या कितीतरी आधी, हरित वसईच्या चळवळीत, वसईच्या विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जात होतं त्याविरुद्ध ते लोकांसोबत उभे राहिले. माझी आजी अजून सांगते, तेव्हा लोक घराच्या ओट्यावर बसून टँकर मोजायचे.

मोजण्याची ती सवय मी पप्पांना लावली आहे. प्लास्टर निघालंय, ते पुन्हा स्कूटरवर जायला लागलेत. मी त्यांना व्हॉट्सॲपवर सात प्रश्न पाठवले. दिवसाला खेपा किती, आणि परतीच्या धरून फेऱ्या किती? सगळ्यात जास्त कुठल्या तासात? राख कुठे जाणार? वजनकाटे किती, आणि रांग फाटकाच्या आत की बाहेर? गळणाऱ्या पाण्याची टाकी कुठे रिकामी करणार? रस्ता दुरुस्त कुणी करायचा? ओला कचरा वॉर्डात जिरवला, तर खेपा किती कमी होतील?

पप्पांनी ती यादी काकांना वाचून दाखवली. रात्री त्यांचा उलट निरोप आला: "काका म्हणतात, आठवा प्रश्न घाल. एका ड्रायव्हरने दिवसाला जास्तीत जास्त किती खेपा करायच्या?"

तो मी घातलाय.